त्या म्हाताऱ्याचे केस

पारशिवनी

चि. मुक्तास,


तुझं भाषांतर वाचलं. 'ग्रिझल्ड' म्हाताऱ्याला तू 'भयंकर' केलंस, तिथे थांबलो. तो भयंकर नाही गं, त्याचे केस अर्धेअधिक पिकलेत, एवढंच.

ही गल्लत तुझ्याआधीही झाली आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'ग्री' म्हणजे करडा, त्यावरून 'ग्रिझेल', आणि इंग्रजीत तोच 'ग्रिझल'. कधी तो करडा घोडा, कधी पिकल्या केसांचा म्हातारा, पुढे तर करड्या केसांचा टोपही. तसाच ऐकू येणारा दुसरा शब्द, 'ग्रिझ्ली', मूळचा इंग्रजी. अर्थ अंगावर काटा आणणारा. अमेरिकेतल्या एका अस्वलाच्या केसांची टोकं पांढुरकी, म्हणून लोक त्याला 'ग्रिझल'वरूनच करडं म्हणत. १८१५ साली जॉर्ज ऑर्डने त्याला शास्त्रीय नाव दिलं, 'हॉरिबिलिस'. भयंकर! दोन शब्दांची सरमिसळ झाली असं सांगतात. रंगाच्या जागी दहशत बसली, ती अजून उठलेली नाही.

कोकण किनाऱ्यावर व्हेलची उलटी पकडल्याच्या बातम्या वाचतेस ना? तिचं नाव अंबरग्रिस, म्हणजे करडं अंबर. तोच 'ग्री' तिथेही आहे.

मात्र म्हाताऱ्याला 'करडा' असंही लिहू नकोस. घोडी करडी असते ती रंगाने, मास्तरांची नजर करडी असते ती जरबेने. माणसाला करडा म्हटलं की मराठी वाचक रंग विसरून जरबच बघतो, आणि तुझा म्हातारा खाष्ट होऊन बसेल. 'पिकल्या केसांचा' लिही. फळासारखे केसही पिकतात म्हणणारी आपली भाषा म्हातारपणाकडे किती मायेने बघते! ते तुझ्या वाक्यात येऊ दे.

कोश उघडच, पण रंग डोळ्यांनीही बघ. सुट्टीत इकडे ये. पेंचच्या जंगलात वानराची पाठ बघू, झाडावर राखी धनेश दिसला तर तोही. मग नांदगावला जाऊ. तिथल्या तलावात कोळशाची राख साठवली होती. वानराच्या पाठीत ऊन मुरलेलं असतं, धनेशाच्या पिसांत तपकिरी झाक असते. राखेत यातलं काहीच नाही. तिघांनाही आपण राखीच म्हणतो, पण लिहिताना एकाचा रंग दुसऱ्याला देता येणार नाही.

तेवढा परिच्छेद पुन्हा लिहून पाठव. मामी तुझी आठवण काढते.

तुझा,
मामा