ओझोन वायु आणि आपला श्वासमार्ग

एकच पदार्थ एके ठिकाणीं रक्षक आणि दुसरे ठिकाणीं घातक कसा ठरतो, याचें उत्तम उदाहरण ओझोन वायु होय. बाझल येथील रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यांनीं १८४० सालीं त्याच्या उग्र वासावरून त्यास हें नांव दिलें. प्राणवायूच्या रेणूंत दोन अणु असतात, ओझोनच्या रेणूंत तीन. हा तिसरा अणु सहज सुटतो. म्हणून हा वायु इतर पदार्थांशीं त्वरित संयोग पावतो.

उंच वातावरणांत तो सूर्याचे अतिनील किरण अडवून आपलें रक्षण करतो. परंतु मोटारी व कारखाने यांच्या धुरांतील नत्राचीं ऑक्साइडें आणि इंधनांच्या वाफा यांवर प्रखर ऊन पडलें म्हणजे तोच वायु जमिनीलगत उत्पन्न होतो.

तो पाण्यांत फारसा विरघळत नाहीं. यास्तव सगळाच नाकाघशांत अडकून न राहतां फुप्फुसांतील बारीक नळ्यांपर्यंत पोहोंचतो. तेथील अस्तरावरील पातळ द्रवाशीं त्याचा संयोग होऊन दाहक पदार्थ तयार होतात. त्यांनीं मज्जातंतु चाळवले जाऊन खोकला येतो, छातींत दुखतें, दीर्घ श्वास घेववत नाहीं. पुढें कांहीं तासांनीं रक्तांतील पांढऱ्या पेशी तेथें जमून दाह वाढतो.

हें अल्प प्रमाणांतही घडतें काय? होय. निरोगी तरुणांस साडेसहा तास, मधून मधून व्यायाम करवून, दहा कोटी भागांत ओझोनचे अवघे ६ ते ८ भाग असलेल्या हवेंत ठेवलें असतां त्यांचा जोरानें श्वास सोडण्याचा वेग किंचित् घटला. ही घट बहुधा एकदोन दिवसांत भरून निघते. दमेकऱ्यांस मात्र तेवढ्यानेंही विकार बळावण्याचें भय असतें. भारतानें २००९ सालीं आठ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरास १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दहा कोटींत सुमारें ५ भाग, अशी ठरविली.

साध्या कापडानें हा वायु अडत नाहीं. तो दुपारीं सर्वाधिक असतो. म्हणून उन्हाळ्यांत धावणें व खेळणें सकाळीं उरकावें, हेंच श्रेयस्कर. पालकांसही आमची विनंति अशी कीं, दुपारच्या खेळांत एखादा मुलगा खोकत थांबला, तर त्यास आळशी म्हणण्यापूर्वीं त्याच्या छातीची विचारपूस करावी.