व्हॅनमधलं घर: पाणी, वीज आणि वाऱ्याचा हिशोब



आठवी-नववीच्या मुलांच्या मोबाइलवर हल्ली एक प्रकारचे व्हिडिओ हमखास दिसतात. कुणीतरी जुनी व्हॅन घेतं, आतल्या सीट काढतं, पलंग, ओटा, दिवे बसवतं आणि दहा मिनिटांत घर तयार! मुलं हरखून जातात. काही पालकही विचारतात, "आपल्याकडे जमेल का हो हे?" जमतं. पण व्हिडिओत दिसतं ते बहुतेक सुतारकाम असतं. त्याआधी जे ठरवावं लागतं ते सगळं आपल्या विज्ञानाच्या आणि गणिताच्या पुस्तकांत आहे, आणि त्यातलं काही चुकलं तर आत झोपणाऱ्याच्या जिवावर बेततं. म्हणून हा विषय मी नववीच्या वर्गात चार तासिका घेतला. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवते.

सुरुवात मैदानावर करा. ट्रॅव्हलरसारख्या मोठ्या व्हॅनमध्ये ड्रायव्हरच्या मागे साधारण ३.२ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद जागा मिळते असं धरा. तेवढा आयत फक्कीने आखा. क्षेत्रफळ ५.४४ चौरस मीटर, म्हणजे ५८ चौरस फुटांच्या आसपास. चार-चार जणांचे गट करा आणि त्यांना आत घर मांडायला सांगा. जवळजवळ प्रत्येक गट पहिल्यांदा पलंग काढतो. सहा बाय चारचा पलंग म्हणजे २४ चौरस फूट, चाळीस टक्के घर तिथेच संपलं! मग चाकांवरचे फुगवटे आखायला सांगा, सरकता दरवाजा आखायला सांगा. तेव्हा खरी भांडणं सुरू होतात. होऊ द्या.

आमच्या एका गटात एक मुलगी होती. आईवडील ऊसतोडीला जाणारे. लहान असताना तीही त्यांच्याबरोबर दिवाळीनंतर हंगामभर कोपीत राहिलेली. तिने गटाचा पलंग पायाने पुसून टाकला. "दिवसा अंथरूण पसरून कोण ठेवतं? गुंडाळायचं." मग तिने पाण्याची जागा दाराजवळ ठरवली, कारण भरायला आणि सांडायला तीच सोयीची. चूल ठरवण्याआधी तिने मला विचारलं, "मॅडम, वारा कुठून येणार?" व्हॅन बांधणारे अनुभवी लोकसुद्धा याच निष्कर्षाला येतात: एका जागेने दिवसा एक आणि रात्री दुसरं काम करायचं. बसायची पेटी, तिच्यात सामान, रात्री तिच्यावर फळी टाकली की पलंग. वर्गात गप्प बसणाऱ्या या मुलीला हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिच्या प्रगतिपुस्तकात याला रकानाही नाही. नंतरच्या तिन्ही तासिकांत बाकीचे गट आपला नकाशा घेऊन तिच्याकडे जात होते.

आता पाणी. शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे माणशी दिवसाला १३५ लिटरचं मानक धरतात, जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण घरांसाठी ५५ लिटर. व्हॅनमध्ये सहज मावणारी टाकी ६० लिटरची. ती चौघांना किती दिवस पुरेल? हा प्रश्न फळ्यावर लिहून सोडून द्या आणि मुलांना घरी एक दिवस बादली-मग घेऊन मोजायला लावा. दात घासताना नळ चालू ठेवला तर किती, भांडी वाहत्या पाण्याखाली घासली तर किती. नळाच्या घरात हे आकडे लपलेले असतात. टाकीच्या घरात ते संध्याकाळपर्यंत समोर येतात. आणि वापरलेलं पाणी कुठे जाणार? रस्त्यावर सोडायचं नाही, म्हणजे सांडपाण्याची दुसरी टाकी आलीच.

साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो वजन, हेही मुलांच्या पटकन लक्षात येत नाही. वर ब्रेक दाबला की हे पाणी जडत्वाने पुढे धावतं, म्हणून टाकी खाली, आसाजवळ आणि घट्ट बांधलेली हवी. प्लायवुडचंही तसंच. आठ बाय चारचा १८ मिलिमीटर जाडीचा एक पत्रा तीस-पस्तीस किलो भरतो. असे पाच-सहा पत्रे, बॅटऱ्या, पाणी आणि माणसं मिळून गाडीची वजनमर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. गावाजवळ वजनकाटा असेल तर गाडी रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा काट्यावर घाला. पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा तोलता आला तर उत्तम.

विजेचा तास मला सगळ्यात आवडला. बारा व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास, आपल्या वीजबिलाच्या भाषेत जेमतेम सव्वा युनिट. साधी शिसे-आम्ल बॅटरी टिकवायची तर त्यातलं निम्मंच वापरायचं, म्हणजे ६००. आता खर्च मांडा. तीस वॅटचा पंखा आठ तास, २४०. दहा वॅटचे दिवे चार तास, ४०. तीन मोबाइल मिळून ४५ धरा. झाले ३२५, रात्र आरामात निघते. आता कुणीतरी म्हणतंच, "इंडक्शन ठेवू ना." १५०० वॅटची शेगडी वीस मिनिटं चालवली की ५०० गेले. भात शिजला, पंखा बंद!

दहावीच्या मुलांना आणखी एक पायरी चढवता येते. ही १५०० वॅटची शेगडी घरातल्या २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर घेते. बारा व्होल्टच्या बॅटरीतून तेवढीच शक्ती इन्व्हर्टरमार्फत काढायची तर बॅटरीकडच्या तारेतून १२५ अँपिअर वाहतात. तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच तारेत साडेतीनशे पटींहून जास्त. "बाराच व्होल्ट आहेत, काय होतंय" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे उदाहरण सोडवायला द्या. शॉक बसत नाही हे खरं, पण आग लागते. म्हणून जाड तार हवी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी शेजारी हवा. छतावर २०० वॅटचं सौर पॅनेल असेल तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी वजावट करून सहाशेच्या आसपास वॅट-तास परत मिळतात. कोकणातल्या जुलैमध्ये मात्र त्याच्या भरवशावर राहू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हवा. इथे घाई करू नका, पूर्ण तासिका द्या.

दोन माणसं बंद जागेत रात्रभर झोपली तर श्वासातून आणि त्वचेतून साधारण अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात. पत्रा बाहेरून गार झालेला असतो. दवबिंदूची व्याख्या मुलं पाठ करतात, इथे ती पत्र्यावरून ओघळताना दिसते. आत गॅसवर स्वयंपाक केला तर आणखी भर. प्रोपेनच्या ज्वलनाचं समीकरण संतुलित करून घ्या: ४४ ग्रॅम प्रोपेनपासून ७२ ग्रॅम पाणी. म्हणजे एक किलो गॅस जाळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन आतच! हे पाणी प्लायवुडच्या मागे साचतं आणि दोन पावसाळ्यांत पत्रा आतून गंजतो, बाहेरून पत्ताही लागत नाही.

गंज परवडला. कार्बन मोनॉक्साइडचं तसं नाही. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. उभ्या गाडीत इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपणं, थंडीत आत कोळशाची शेगडी घेणं, बंद गाडीत गॅस ऊब देण्यासाठी पेटवणं, या तिन्ही गोष्टी मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा. व्हॅन नसलेल्या घरातल्या मुलांनाही सांगा, लग्नाच्या गाडीत झोपायची वेळ कुणावरही येते.

एक प्रश्न मी परीक्षेत विचारते: गॅसगळतीचा अलार्म आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, व्हॅनमध्ये कुठे लावाल? एलपीजी हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो, म्हणून त्याचा अलार्म फरशीजवळ. कार्बन मोनॉक्साइड हवेत मिसळून पसरतो, म्हणून त्याचा अलार्म झोपणाऱ्याच्या नाकाच्या उंचीला. सिलिंडर ठेवायच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं, तेही त्याच कारणाने.

व्हिडिओंविषयी एक तक्रार नोंदवते. त्यातले बरेचसे थंड देशांतले असतात, तिथला सगळा भर ऊब राखण्यावर. आपला शत्रू मे महिन्यातलं छत आहे. पोलादाची उष्णतावाहकता थर्माकोलच्या हजार पटींहून जास्त, त्यामुळे छताला आवरण हवंच. पण थर्माकोल भडकन पेटतो. त्यापेक्षा एसीच्या पाइपांना गुंडाळतात तो काळा नायट्रायल फोम बरा. आवरणाने ऊन आत यायला उशीर होतो, आत आलेली उष्णता बाहेर काढायला वाराच लागतो. छताला हवा बाहेर फेकणारा पंखा आणि खाली जाळीची खिडकी, मग झाडाची सावली. फुकट आहे ते आधी.

पालकांपैकी कुणी खरंच मनावर घेत असेल तर सुताराआधी आरटीओत जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील मूळ उत्पादकाच्या मापदंडापेक्षा वेगळा होईल असा बदल मनाने करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितलं आहे. सीटची संख्या बदलणं, छत उंच करणं, पत्रा कापणं, हे सगळं विचारून. आमच्या वर्गाने शेवटी जो नकाशा पक्का केला त्यात एकही भोक नव्हतं: उचलून बाहेर ठेवता येतील अशा दोन पेट्या, एक फळी, गुंडाळायचं अंथरूण आणि चूल गाडीच्या बाहेर.

पहिला मुक्काम लांब कुठे करू नका. स्वतःच्या अंगणात गाडी लावा, इंजिन बंद, दोन्ही बाजूंच्या काचा दोन-दोन इंच खाली. सकाळी काचेवर आतून बोट फिरवून बघा आणि टाकीत किती पाणी उरलंय ते मुलांना मोजायला सांगा.