१७८० चे नाणे : साल वाचा, पण सालावर सौदा करू नका

ताग्यावरचा छाप पाहून माल घेणारा फसतो. पन्हा मोजणारा आणि सूत उसवून पाहणारा सहसा फसत नाही. ही गोष्ट मला ठाऊक होती, तरी नाण्यांच्या बाबतीत मी ती विसरलो.

एका जुन्या गिऱ्हाइकाने उधारीपोटी मला चार मोठी चांदीची नाणी दिली. त्याचे आजोबा एडनच्या जहाजावर खलाशी होते, त्यांच्या पेटीतली ही नाणी. चारींवर १७८० साल. दोनशे वर्षांपूर्वीचा माल म्हणून मी आठ हजारांची उधारी वहीतून काढून टाकली. पारख नंतर केली, तीच चूक झाली.

हे नाणे कोणते?

हा ऑस्ट्रियाचा मारिया थेरेसा थेलर. एका बाजूस डोक्यावर पदर घेतलेली राणी, दुसऱ्या बाजूस दोन डोक्यांचा गरुड. राणी १७८० च्या नोव्हेंबरात वारली. पण अरबस्तान आणि हबशाच्या मुलखात व्यापाऱ्यांचा विश्वास याच नाण्यावर बसला होता, म्हणून पुढेही तेच साल घालून ते पाडले जाऊ लागले. १९३५ मध्ये इटलीने ऑस्ट्रियाकडून साचे मिळवले, १९३६ पासून लंडनने पाडले, आणि १९४०-४१ मध्ये आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही ते पाडले गेले. व्हिएन्नात ते आजही पाडले जाते. म्हणजे साल सर्वांवर एकच, वय मात्र वेगवेगळे.

पारख कशी करावी?

१) वजन : पुरे नाणे २८.०७ ग्रॅम. घासलेले थोडे कमी भरेल. व्यास सुमारे ४ सेंटिमीटर.

२) कड : कडेवर लॅटिन अक्षरे व नक्षी उठावदार असते. ओतीव नकलेत ती बोथट असते, बारीक खड्डे किंवा जोडाची रेघ दिसते.

३) मोती : राणीच्या खांद्यावरच्या ब्रोचमधील मोती भिंगातून पाहा. ते सुटे सुटे दिसले पाहिजेत.

४) लोहचुंबक : चिकटले तर चांदी नव्हे. पण चिकटले नाही म्हणून चांदीच, असेही नाही.

५) पाणी : पाण्याचा ग्लास इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. नाणे दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, तळाला व कडेला लागू देऊ नका. काटा सुमारे पावणेतीन ग्रॅम दाखवील. त्याच वजनाचे जर्मन सिल्व्हर असेल तर सव्वातीनच्या आसपास जाईल.

काही नाण्यांवर ‘अल-हिजाज’ असा अरबी शिक्का मारलेला असतो. आपल्यापैकी उर्दू शिकलेल्यांना तो लगेच वाचता येतो आणि मन हरखते. सावध राहा. जास्त किमतीसाठी असे शिक्के मागाहूनही मारले गेले आहेत.

किंमत कशी ठरवावी?

आधी चांदीचा हिशेब. नाण्यात सहा भागांपैकी पाच भाग चांदी, म्हणजे २३.३९ ग्रॅम. जुन्या मापाने जवळजवळ पुरे दोन तोळे. समजा चांदीचा भाव किलोला एक लाख आहे, तर एका नाण्यात २,३३९ रुपयांची चांदी झाली. त्यावर जे द्यायचे ते टांकसाळ, छाप व स्थिती पाहून. टांकसाळ ओळखणे हे मोत्यांच्या आणि गरुडाच्या पिसांच्या बारीक फरकांवर चालते. ते जाणकाराकडूनच करून घ्यावे. नाणे चिंच, लिंबू किंवा राखेने कधीही घासू नका. चमक येते, पण संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. शिवाय १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांवरील नाणे स्वतःहून देशाबाहेर नेता येत नाही.

माझी तीन नाणी चांदीची निघाली, पण पुढच्या काळात पाडलेली. चौथे पाण्यात सव्वातीनवर गेले. ते घेऊन गिऱ्हाइकाकडे गेलो तेव्हा त्याचाही चेहरा उतरला. त्याला खरेच ठाऊक नव्हते. त्याच्या आजोबांनाही कोणी तरी फसवले असावे. शेवटी दोघांनी सराफाच्या काट्यावर बसून तीन नाणी चांदीच्या भावाने धरली, चौथे त्याला परत दिले आणि बाकी रक्कम वहीत पुन्हा मांडली. हाच काटा सौद्याच्या आधी काढला असता, तर हा अवघड प्रसंग दोघांवरही आला नसता.