घटक ४ : गृहमनोरंजनाची साधने आणि बोलीचा ठेवा

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हाला –
• प्रसारणाची साधने आणि ध्वनिमुद्रणाची साधने यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• या साधनांचा बोलीशी असलेला संबंध सांगता येईल.
• घरातील जुन्या ध्वनिफितींचे अभ्याससामग्री म्हणून जतन करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, बोलीचा अभ्यास म्हटला की गावोगाव हिंडून शब्द टिपणारा संशोधक आपल्या डोळ्यांसमोर येतो. परंतु बोलीचे नमुने आपल्या घरातील कपाटातही असू शकतात. करमणुकीसाठी आणलेल्या टेपरेकॉर्डरने अनेक घरांतील बोलणे, गाणे आणि हसणे नकळत साठवून ठेवले आहे. या घटकात आपण रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुका डोळ्यांसमोर ठेवून या ठेव्याचा विचार करू. येथील अनेक कुटुंबांतील कर्ती माणसे मुंबईत, तर काही आखाती देशांत नोकरीस गेली. मनोरंजनाची नवी साधने बहुधा त्यांच्याच हातून गावात आली.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ प्रसारणाची साधने

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी, तर मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८७-८८ मध्ये ‘रामायण’ मालिकेच्या वेळी एका संचासमोर सारी आळी जमत असे. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या आणि १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ ही मराठी वाहिनी सुरू झाली. या सर्व साधनांत एक समान गुण आहे : येथे शहरातून घराकडे, अशा एकाच दिशेने भाषा वाहते. त्यामुळे प्रमाण मराठी दुर्गम वाडीतही परिचित झाली, हा मोठाच लाभ होय. मात्र तेथे बोलीला जागा मिळाली ती पुष्कळदा विनोदी पात्राच्या तोंडी. आपले बोलणे हसण्याजोगे आहे, असा समज श्रोत्याच्या मनात रुजण्यास हे एक कारण ठरले.

४.२.२ ध्वनिमुद्रणाची साधने

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये छोटी कॅसेट बाजारात आणली. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेला ‘टू-इन-वन’ कोकणातील घरांत आला, तेव्हा भाषेच्या प्रवाहाची दिशा बदलण्याची सोय प्रथमच झाली. लाल कळ दाबली की घरातील माणूसही ‘वक्ता’ होऊ शके. गणेशोत्सवातील जाखडी नृत्य, शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब, नमन-खेळ्यांतील संवाद, लग्नातील गाणी यांचे ध्वनिमुद्रण होऊ लागले. आखाती स्थलांतराच्या काळात पत्राऐवजी कॅसेटवर बोलून ती येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर धाडण्याचा प्रघातही अनेक कुटुंबांत होता. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांच्यासाठी तीच पत्रे होती.

अभ्यासकाच्या दृष्टीने या फितींचे मोल कशात आहे? लिखित नोंदीत शब्द उरतो. पण हेल, विराम आणि आघात हरवतात. शाहीर ओळ कोठे लांबवतो, आई मुलाचे नाव कोणत्या सुरात घेते, हे फितीवरच ऐकू येते.

४.२.३ साधन बाद होते तेव्हा

ध्वनिफीत म्हणजे चुंबकीय कणांचा लेप दिलेली प्लॅस्टिकची पट्टी. दमट हवेत हा लेप सुटू लागतो आणि तिच्यावर बुरशी धरते. खेड परिसरात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे येथे ध्यानात घ्यावे. दुसरी अडचण यंत्राची. घरगुती व्हीसीआर बनवणाऱ्या अखेरच्या ज्ञात उत्पादकाने, जपानच्या फुनाई कंपनीने, २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. फीत शाबूत असली तरी ती वाजवणारे यंत्र नसेल, तर ठेवा मुका होतो.

मोबाइलमुळे ध्वनिमुद्रण अत्यंत सुलभ झाले. परंतु जे सहज साठते ते सहज पुसलेही जाते. फोन बदलला की जुने आवाज मागे राहतात. म्हणून साधन नवे असो वा जुने, जतन हे जाणीवपूर्वकच करावे लागते.

४.२.४ जतनाची पद्धती

१. कॅसेटच्या मागील कडेच्या दोन्ही खुट्ट्या मोडा. म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही.
२. बुरशी दिसत असल्यास फीत वाजवू नका. जाणकाराकडून स्वच्छ करून घ्या.
३. टेपरेकॉर्डर तारेने संगणकास जोडून ध्वनी उतरवा. मूळ प्रत ‘वेव्ह’ स्वरूपात ठेवा. ‘एमपी-थ्री’ स्वरूपात ध्वनीचा काही अंश गळतो.
४. बोलणाऱ्याचे नाव, गाव, अंदाजे वर्ष आणि प्रसंग यांची नोंद करा. दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा.
५. लिप्यंतर करताना बोलीचे रूप ‘सुधारू’ नका. जसे ऐकू येते तसेच लिहा.
६. आवाज ज्यांचा आहे त्यांची किंवा त्यांच्या कुटुंबीयांची संमती घेतल्याशिवाय ध्वनिफीत इतरांना देऊ नका. खासगी पत्र कॅसेटवर असले तरी ते खासगीच असते.

४.३ सारांश

प्रसारणाच्या साधनांनी प्रमाणभाषा घरात आणली. ध्वनिमुद्रणाच्या साधनांनी घरातील बोली साठवली. दुसऱ्या प्रकारचा ठेवा यंत्रांबरोबर नाहीसा होत आहे. फितीवरील आवाज ओळखणारी वडीलधारी माणसे आहेत तोवरच त्या आवाजांना नाव-गाव देता येईल. हे काम बाहेरचा संशोधक तुमच्याइतके चांगले करू शकणार नाही.

४.४ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. प्रसारण आणि ध्वनिमुद्रण यांतील भाषिक प्रवाहाचा फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. लिखित नोंदीपेक्षा ध्वनिफितीत बोलीची कोणती वैशिष्ट्ये अधिक टिकतात?

उपक्रम : आपल्या किंवा नातेवाइकांच्या घरातील एक जुनी ध्वनिफीत मिळवा. घरातील ज्येष्ठांसोबत बसून ती ऐका, पाच मिनिटांचे लिप्यंतर करा आणि आज तुमच्या तोंडी नसलेले शब्द व क्रियापदरूपे स्वतंत्र लिहून काढा.