तबकडी केवढी हवी?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या आणि त्यावर दोन ठिपके द्या. एक जामखेडवर, दुसरा अकोले तालुक्यातील घाटघरवर. जामखेडकडे पावसाची वाट पाहावी लागते. घाटघर मात्र सह्याद्रीच्या माथ्यावर, तेथे पावसाळ्यात दिवसचे दिवस धार तुटत नाही. दोन्ही गावी ‘डीडी फ्री डिश’चे कार्यक्रम पाहायचे आहेत. समजा, दुकानात ६० सें.मी. आणि ९० सें.मी. व्यासाच्या तबकड्या आहेत. कोठे कोणती न्यावी? ‘मोठी ती चांगली’ हे उत्तर चटकन सुचते. पण ते अर्धेच खरे आहे. कसे, ते गणित करून पाहू.

उपग्रहाकडून किती येते?

हे कार्यक्रम जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्याने तो आकाशात एका जागी स्थिर असतो. नगर शहरापासून त्याचे अंतर सुमारे ३६,६०० कि.मी. भरते.

उपग्रह आपली शक्ती चोहीकडे न उधळता भारताच्या दिशेने एकवटतो. त्यामुळे आपल्याला तो एक लाख वॅटच्या, सर्व दिशांना सारखा प्रकाश देणाऱ्या दिव्यासारखा भासतो, असे उदाहरणासाठी धरू. ही शक्ती ३६,६०० कि.मी. त्रिज्येच्या गोलावर पसरते. गोलाच्या पृष्ठफळाचे ४πr² हे सूत्र तुम्हाला माहीत आहेच. भागाकार केला, की एक चौरस मीटर जागेवर ६ वॅट भागिले एक लाख कोटी एवढीच शक्ती पडते असे दिसेल.

६० सें.मी. तबकडीचे क्षेत्रफळ ०.२८ चौ. मी. त्यातील ६० टक्के उपयोगी पडते असे मानले, तर हाती येतो एका वॅटचा एक लाख कोटीवा भाग! एवढ्याशा शिदोरीवर चित्र आणि आवाज दोन्ही उभे राहतात. तबकडीचा आकार अन्वस्त असतो, म्हणून तिच्यावर पडलेल्या सर्व लहरी नाभीपाशी एकत्र येतात आणि तेथील ‘एलएनबी’ नावाच्या डबीत शिरतात.

आता व्यास दीडपट करा. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ९० सें.मी.ची तबकडी १.५ × १.५ = २.२५ पट शक्ती गोळा करते.

मग चित्र सव्वादोन पट सुंदर दिसेल का?

नाही. जमीन, आकाश आणि खुद्द एलएनबी यांच्यातूनही सतत लहरींची खरखर निघत असते. संदेश या खरखरीपेक्षा ठरावीक पट मोठा असला, म्हणजे आजचे अंकीय पद्धतीचे चित्र स्वच्छ दिसते. त्याहून कितीही मोठा झाला, तरी चित्र अधिक स्वच्छ होत नाही. मात्र संदेश त्या पातळीच्या खाली गेला, की चित्राचे चौकोन पडतात आणि थोड्याच वेळात पडदा कोरा होतो.

मग जास्तीची शक्ती वाया गेली का? तसेही नाही. ती कणगीतल्या धान्यासारखी आहे. सुगीत तिचे महत्त्व कळत नाही. ते कळते टंचाईत. आणि उपग्रह-लहरींची टंचाई पडते ती पावसात.

पाऊस काय करतो?

या लहरींची तरंगलांबी सुमारे २.५ सें.मी. असते. पावसाचे थेंब काही मिलिमीटरचे. दोन्ही मापे एकमेकांच्या इतकी जवळ आली, की थेंब लहरींची शक्ती शोषतात आणि इकडेतिकडे विखुरतात. शिवाय पाऊस स्वतःची खरखर वाढवतो ती वेगळीच.

समजा, निरभ्र दिवशी ६० सें.मी.च्या तबकडीला गरजेच्या तिप्पट संदेश मिळतो. पावसाने तो एकतृतीयांशाखाली आणला, की चित्र गेले. त्याच जागी ९० सें.मी.च्या तबकडीला गरजेच्या ३ × २.२५ = ६.७५ पट संदेश मिळतो. पावसाने तो पाचवा हिस्सा केला, तरी तिचे चित्र बहुधा टिकेल. थोडक्यात, तबकडीचे माप निरभ्र दिवस ठरवत नाही. ज्या पावसात चित्र टिकावे असे आपल्याला वाटते, तो पाऊस ठरवतो.

मोठ्या तबकडीची किंमत

तबकडीला आकाशाचा किती रुंद पट्टा ‘दिसतो’ याचे सोपे सूत्र असे :

पट्ट्याची रुंदी (अंशांत) = ७० × तरंगलांबी ÷ व्यास

६० सें.मी.साठी हे उत्तर सुमारे २.९ अंश येते, ९० सें.मी.साठी १.९ अंश. म्हणजे तबकडी जितकी मोठी, तितका नेम अचूक हवा. ६० सें.मी. तबकडीची एक कड केवळ १ सें.मी. सरकली, तर नेम जवळजवळ १ अंशाने चुकतो. मोठ्या तबकडीवर वाऱ्याचा जोरही क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो. पाया डळमळीत असेल तर मोठी तबकडी लहानीपेक्षा वाईट ठरेल.

याच सूत्राने आणखी एक कोडे सुटते. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत एटीएस-६ या उपग्रहावरून कार्यक्रम दाखवले गेले. तेथील तबकड्या ३ मीटरच्या, आणि त्याही कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या! त्या लहरींची तरंगलांबी ३५ सें.मी. होती. जाळीची भोके तिच्यापुढे क्षुल्लक असल्याने लहरी आरपार न जाता परावर्तित होत. नगरहून कल्याण रस्त्याने आळेफाट्याला जाऊन नारायणगावकडे वळलात, तर खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्याही तारांच्या जाळीच्याच दिसतील. आपल्या २.५ सें.मी. लहरींसाठी मात्र पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. त्याला पोचा पडला, की काही लहरी नाभीला चुकतात.

तर कोठे कोणती?

जामखेडला ६० सें.मी. पुरे. वर्षातल्या थोड्या जोरदार सरींत चित्र काही मिनिटे गेले तर बिघडत नाही. घाटघरला ९० सें.मी. घ्यावी आणि ती पक्क्या पायावर घट्ट बसवावी. पण समोर झाड किंवा डोंगर असेल, तर कोणतेही माप उपयोगाचे नाही. म्हणून आधी जागा तपासा.

करून पाहा

नगरहून हा उपग्रह आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंचीवर आहे. १२ मार्चच्या सुमारास सकाळी सव्वाअकराला आणि १ ऑक्टोबरच्या सुमारास अकराला पाच मिनिटे कमी असताना सूर्य जवळजवळ त्याच्याच मागे येतो. त्या वेळी तबकडीच्या जागी एक सरळ काठी अशी धरा, की तिची लांबट सावली पडणार नाही. काठीचे टोक उपग्रहाकडे रोखलेले असेल. त्या जागेवर झाडाची किंवा भिंतीची सावली असेल, तर उपग्रहही आड गेला असे समजा. सूर्याकडे थेट पाहू नका; सावली पुरेशी आहे.

आणि एक गणित तुमच्यासाठी : ६० सें.मी.ऐवजी १२० सें.मी.ची तबकडी घेतली, तर संदेश किती पट होईल आणि पट्टा किती अंशांचा उरेल?