चाकाने जमीन सोडू नये म्हणून

शहाडच्या उड्डाणपुलावरून मुरबाडकडे जाताना, पावसाळ्यातल्या खड्ड्यांत मोटार कशी उसळते ते तुम्ही अनुभवले असेल. ऑटोक्रॉसच्या शर्यतीत अशीच खडबडीत, मातीची वाट कमीत कमी वेळात पार करायची असते. तिथे स्प्रिंगा कडक हव्यात की मऊ?

पुष्कळजण ‘कडक’ म्हणतील. पण विचार करा. मोटारीच्या भाराने स्प्रिंग फक्त ४ सेंटिमीटर दबलेली असेल, तर त्याहून खोल खळगा अचानक येताच ती पार मोकळी होते आणि चाक अधांतरी राहते. जमिनीवर दाब नाही म्हणजे घर्षण नाही. मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, उपयोग शून्य! १६ सेंटिमीटर दबणारी मऊ स्प्रिंग मात्र चाक खाली रेटीत राहते. अर्थात चाकाला वरखाली व्हायला जागाही तेवढीच हवी, नाहीतर मोटारीचे बूड आपटेल.

मऊपणाची दुसरी अडचण झोक्याची. दबलेल्या सेंटिमीटरांच्या वर्गमूळाने ५ ला भागले, की दर सेकंदाची आंदोलने साधारणपणे मिळतात. १६ सेंटिमीटरला ती सव्वा येतात. आता ताशी ३६ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १० मीटर, जाताना दर ८ मीटरवर उंचवटा असेल तर धक्केही सेकंदाला सव्वाच! वेळेवर ढकललेल्या झोक्यासारखी मोटार अधिकाधिक उसळते. ही ऊर्जा शॉक अब्सॉर्बर गिळतो. त्यातले तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि ऊर्जेची उष्णता होते.

उभ्या मोटारीचा एक कोपरा (मालकाला विचारून!) जोराने दाबून सोडा. वर येऊन ती लगेच स्थिरावली तर ठीक. दोन-तीनदा डोलली, तर शॉक अब्सॉर्बर तपासून घ्यायला सांगा.