चढासाठीचं हेल्मेट

पुणे

चि. सायली हिस,


नव्या सायकलचा फोटो मिळाला. सायकल देखणी आहे. हँडलला अडकवलेलं दादाचं स्कूटरचं हेल्मेटही दिसलं. 'सध्या हेच वापरते, सायकलच्या हेल्मेटपेक्षा मजबूत असतं,' असं तू लिहिलंस, म्हणून लगेच लिहायला बसले.

मजबूत असेल गं, पण फोटोतसुद्धा ते हँडलवरच आहे! किलोभर वजन, कान बंद, आत वारा नाही. ते घालून यवतेश्वरचा घाट कोण चढेल? डोंगरात सायकल चालवणाऱ्याचा बहुतेक वेळ चढण्यात जातो. वेग पायी चालण्याहून थोडाच जास्त, त्यात आपल्याकडची श्रावणातली उमस. डोकं तापलं की हेल्मेट निघतं. माथ्यावर पोचलं की घाईघाईने परत चढतं, पट्टा सैलच राहतो आणि तशीच उतरण सुरू होते. शिवाय चढावरही माणूस पडतोच. मुरमात मागचं चाक फिरलं की पाय टेकायच्या आत आडवी होशील, आणि कडेला जांभ्याचा दगड असतोच. सगळे उताराच्या भीतीने हेल्मेट घेतात. तू चढाचा विचार करून घे. चढभर जे डोक्यावर राहील तेच उतारावर कामाला येईल.

आता हवेचं. दुकानदार भोकं मोजून दाखवेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. हेल्मेट उलटं करून आतून बघ. कपाळापासून मागपर्यंत खोल पन्हळी कोरलेल्या असतील तर पुढून शिरलेला वारा टाळूवरून सरकत मागच्या भोकांतून बाहेर पडतो. पन्हळी नसतील तर भोकं नुसती शोभेची. चढावर वेग नसल्याने वारा आपणहून आत घुसत नाही, तेव्हा टाळूजवळची भोकं महत्त्वाची, कारण गरम हवा तिथून वर निघून जाते. कपाळावरची गादी घाम शोषणारी आणि काढून धुता येणारी हवी, नाहीतर ऐन वळणावर घाम डोळ्यात. पुढच्या भोकांना बारीक जाळी असली तर उत्तम. केसांत अडकलेली गांधीलमाशी घेऊन उतरणं काही गमतीचं नसतं.

भोकं जास्त म्हणजे संरक्षण कमी, ही शंका तुला येईलच. आतला पांढरा भाग म्हणजे आपल्या थर्माकोलचाच दणकट भाऊ. आदळल्यावर तो चिरडतो आणि चिरडतानाच धक्का गिळतो. भोकांपायी तो कमी झाला की कारखान्यात उरलेला भाग जास्त घट्ट करतात, काही वेळा आत सांगाडाही घालतात. ते पुरेसं आहे का, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून आतली चिठ्ठी वाचायची. युरोपच्या 'ईएन 1078' चाचणीत हेल्मेट सपाट पोलादावर सुमारे दीड मीटरवरून पडल्याच्या वेगाने आदळतात. सायकलवरून डोकं जमिनीवर येतं तेही साधारण तेवढ्याच उंचीवरून. अमेरिकेच्या 'सीपीएससी' चाचणीत सपाट भागावर दोन मीटरवरून टाकतात, शिवाय अर्धगोल ठोकळ्यावरही आपटतात. आपल्या वाटांवर सपाट काही नसतं, म्हणून मला ही दुसरी चाचणी जवळची वाटते. दादाच्या हेल्मेटवर असतो तो 'आयएस 4151' शिक्का मोटरसायकलसाठीचा, तो इथे शोधू नकोस.

डोंगरातलं हेल्मेट मागच्या बाजूला रस्त्यावरच्यापेक्षा खाली उतरलेलं असतं, कारण चढावर पुढचं चाक उचललं गेलं की माणूस पाठीवर पडतो. पुढे छोटं व्हायझर असतं. ऊन आणि घाणेरीच्या फांद्या अडवायला बरं. हनुवटी झाकणारं पूर्ण हेल्मेट तू उड्या मारायला लागशील तेव्हा बघू.

काही हेल्मेटांत एक पातळ, बहुधा पिवळं अस्तर असतं. त्याला मिप्स म्हणतात. स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठातले संशोधक आणि एक मेंदूशल्यविशारद यांनी मिळून ते काढलं. डोकं तिरकं आपटलं की हेल्मेट डोक्यावर दहा-पंधरा मिलिमीटर सरकतं आणि मेंदूला बसणारा पीळ कमी होतो. पैसे पुरत असतील तर घे, पण त्या अस्तराने भोकं झाकली तर नाहीत ना, ते पाहून.

एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही धड दिसलं तरी बदलायचं. चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही. उन्हात उभ्या गाडीत ते ठेवायचं नाही, आणि धुवायला साधा साबण आणि पाणी. पेट्रोलने डाग काढायची तुमच्या घरची सवय इथे चालणार नाही.

घालताना भुवयांच्या वर दोन बोटं जागा राहू दे. पट्ट्यांचा 'व्ही' कानाखाली जुळला पाहिजे, हनुवटीखाली एखाद-दुसरं बोट जाईल इतकाच सैलपणा. मागची चकती आवळून, पट्टा न लावता मान हलव. हेल्मेट घसरलं तर माप चुकलं. तुझा तो उंच अंबाडा मात्र सोडावा लागेल. खाली वेणी घाल.

गणपतीला इथे ये, दुकानात जाऊ आणि प्रत्येक हेल्मेट चांगलं पाव तास डोक्यावर ठेवून बघू. दुकानदार कुरकुरला तर त्याच्याशी मी बोलते. तोवर भुवयांच्या जरा वरून डोक्याचा घेर मोजून सेंटिमीटरमध्ये कळव. टेप आईच्या शिवणाच्या डब्यातली घे, बाबांची लोखंडी नको.

तुझी,
मावशी